पाहुणे किती आणि घरचे किती?

परवा पृथ्वी शॉनं पुण्यात सराव सामन्यात आपल्याच जुन्या मुंबईला १८१ ठोकले आणि इकडे किन्हीराजापासून मालेगावपर्यंत प्रत्येक ग्रुपवर भांडण पेटलं. यंदा कोणाची भरती भारी? मुंबईची, महाराष्ट्राची का आपल्या विदर्भाची? १५ ऑक्टोबर २०२५ पासून रणजी सुरू होतेय. तीन दिवसांपासून मी नुसता वाचतोय, आता लिहितो. सोयाबीन पावसानं अर्धं खाल्लं, उरलेल्यासाठी मळणीयंत्राची वाट पाहत बसलोय, तेव्हा वेळ आहे.

ज्यांना क्रिकेटचं फार माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, राज्य एक असलं तरी रणजीत आपल्या तीन टीम उतरतात. मुंबई आणि आजूबाजूच्या भागाची मुंबई, विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची विदर्भ आणि बाकी उरलेल्याची महाराष्ट्र. म्हणजे वाशिमचा पोरगा खेळला तर महाराष्ट्राकडून नाही, विदर्भाकडून खेळणार. जिल्हे अकरा, खेळाडूही अकरा. प्रत्येक जिल्ह्याचा एक घेतला तरी टीम होते. गंमत म्हणून म्हणतोय, पण हा हिशोब लक्षात ठेवा.

आता भरती. गावच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये आपण काय करतो ते आठवा. नियम लागतो की टीम गावची पाहिजे, बाहेरचे दोन किंवा तीनच चालतील. मग पहिलं बक्षीस मोठं असलं की कोणी अकोल्याहून बॅट्समन आणतो, कोणी रिसोडहून बॉलर. फायनलला वाद ठरलेलाच, ‘याचं आधार कार्ड दाखवा!’ रणजीतही जवळपास असंच आहे, फक्त कागदं पक्की असतात. बाहेरचे म्हणजे ‘पाहुणे’ खेळाडू जास्तीत जास्त तीन, आणि जुन्या संघटनेची ना हरकत पाहिजे.

महाराष्ट्राची यंदाची यादी नावांनी बघितली तर सगळ्यात चकचकीत. पृथ्वी शॉ आला. २०१८ मध्ये अंडर-१९ विश्वचषक जिंकणारा कॅप्टन, त्याच वर्षी पहिल्याच कसोटीत शतक. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईनं २०२४ मध्ये रणजी टीममधून काढलं, आयपीएलच्या लिलावात कोणी घेतलं नाही. वय अजून पंचविसच. त्याच्यासोबत जलज सक्सेना. हा माणूस म्हणजे रणजीचा चालताबोलता इतिहास. मध्य प्रदेशकडून सुरुवात, मग केरळकडून कितीतरी वर्षं, रणजीत ६००० धावा आणि ४०० विकेट असा डबल करणारा पहिला खेळाडू. वय ३८. आधीपासून ऋतुराज आहे, अंकित बावणे आहे, आणि आपलाच रजनीश गुरबाणीही तिकडेच आहे. हो, तोच गुरबाणी, ज्यानं २०१७-१८ च्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेऊन आपल्याला पहिली रणजी जिंकून दिली.

ग्रुपवर पुण्याकडच्या जावयांचं म्हणणं, ‘बघा, आमच्याकडे यायला लोक रांग लावतात.’ भाऊ, रांग लावतात हे खरं. पण महाराष्ट्रानं रणजी शेवटची जिंकली १९४०-४१ मध्ये. तेव्हापासून आजवर चांगले खेळाडू कमी पडले असं कोणी म्हणणार नाही. २०१३-१४ ला फायनलपर्यंत गेले, कर्नाटककडून हरले. मला महाराष्ट्राचं वाईट व्हावं असं बिलकुल वाटत नाही, माझे निम्मे नातेवाईक त्या बाजूचे. पण शॉ आणि जलजनं यादी भारी दिसते, ती पाच वर्षं टिकते का हा प्रश्न वेगळा आहे. अडतीस वर्षांचा माणूस किती मोसम ओढणार?

मुंबईचं गणित निराळं. ४२ रणजी करंडक. त्यांना भरती करायला कुठं जावं लागत नाही, मैदानावरचा नुसता तंबू हलवला तरी खालून बॅट्समन निघतो. गेल्या मोसमात आयुष म्हात्रे नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं महाराष्ट्राविरुद्ध १७६ मारले. विरारकडचा पोरगा, लोकलनं मैदानावर जाणारा. मुंबईचा त्रास वेगळाच आहे, त्यांच्याकडे जागा कमी आणि पोरं जास्त. म्हणून अर्जुन तेंडुलकर गोव्याला गेला, शॉ पुण्याला गेला. यशस्वी जैस्वालनंसुद्धा गोव्याला जायची परवानगी मागितली होती, मग परत घेतली. मुंबईतून निघून गेलेल्यांचीच एक टीम केली तर ती बाद फेरीत जाईल!

आता आपलं घर.

यंदा विदर्भाकडे आलेल्यांपेक्षा गेलेल्यांची चर्चा जास्त झाली. करुण नायर कर्नाटकला परत गेला. गेल्या रणजीत त्यानं ८६३ धावा केल्या, विजय हजारेत पाच शतकं ठोकून आपल्याला फायनलला नेलं. असा माणूस जाणं म्हणजे मोठंच नुकसान. जितेश शर्मा बडोद्याला गेला. तो तर अमरावतीचा, घरचाच. नवीन म्हणावं असं मोठं नाव आर. समर्थचं, तोही मूळ कर्नाटकचा. एवढंच बघून एकानं लिहिलं, ‘विदर्भाची भरती फेल.’

मला हे पटत नाही. का ते सांगतो.

भरती मोजायची असेल तर यंदाची मोजू नका, दोन-तीन वर्षांपूर्वीची मोजा. गेल्या मोसमात आपण रणजी जिंकली तेव्हा सगळ्यात जास्त धावा कोणाच्या होत्या? करुणच्या नाही. यश राठोडच्या, ९६०. विकेट कोणाच्या? हर्ष दुबेच्या ६९. रणजीच्या इतिहासात एका मोसमात एवढ्या विकेट कोणीच घेतल्या नव्हत्या. फायनलमध्ये केरळविरुद्ध १५३ कोणाचे? दानिश मालेवारचे, आणि तो त्याचा पहिलाच मोसम. सेमी फायनलला मुंबईचा रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे एकाच ओव्हरमध्ये कोणी काढले? पार्थ रेखडेनं. तो तर टीममध्ये पाय ठेवून महिनाही झाला नव्हता म्हणा ना. मुंबईसमोर ४०६ चं लक्ष्य होतं, ते ८० धावांनी हरले. कॅप्टन अक्षय वाडकर. त्यानं २०१८ च्या फायनलला १३३ मारले होते, आज तो सगळ्यांना सांभाळून घेतो. ही सगळी पोरं विदर्भाच्या अंडर-१९, अंडर-२३ मधून वर आलेली. यांना कोणी लिलावात घेतलं नाही, यांच्या आगमनाची कुठं बातमी आली नाही. भरती झाली होती, आपल्याला दिसली नाही एवढंच.

आणि पाहुणे नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. वसीम जाफर मुंबईहून आला तेव्हा लोक म्हणत होते म्हातारा झाला. २०१८-१९ मध्ये चाळिशीत त्यानं हजारावर धावा केल्या आणि आपण दुसऱ्यांदा जिंकलो. पण त्याच्या धावांपेक्षा मोठी गोष्ट ही की ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शेजारी बसून विशीतली पोरं शिकली. करुणचंही तेच. दानिशनं फायनलच्या पहिल्या डावात १५३ केले तेव्हा समोरच्या टोकाला करुण ८६ करत होता. पाहुणा असा पाहिजे की तो गेल्यावर घर रिकामं वाटू नये. करुण गेला, आणि परवा इराणीत काय झालं? शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. अथर्व तायडे १४३, यश राठोड ९१.

अथर्व तायडे अकोल्याचा. आदित्य ठाकरे (बॉलर हो, राजकारणातले नाही) तोही अकोल्याचा. दर्शन नळकांडे वर्ध्याचा. म्हणजे नागपूरच्या बाहेरही पोरं आहेत आणि वर येतात. अथर्वनं अंडर-१९ ला कूचबिहार करंडकात त्रिशतक मारलं होतं तेव्हा आपल्या भागात किती जणांना माहीत होतं? अकोला आपल्यापासून असं कितीसं लांब आहे! १९९८ पर्यंत तर आपण अकोला जिल्ह्यातच होतो. वाशिम वेगळा झाला, कलेक्टर आला, एसपी आला. क्रिकेट मात्र तिकडेच राहिलं.

इथं माझं ग्रुपवरच्या मंडळींशी खरं भांडण आहे. आपण ‘आपला विदर्भ, आपला विदर्भ’ करत मुंबई-पुण्यावाल्यांना चिडवतो. पण वर मी जेवढी नावं घेतली त्यातला एकही पोरगा वाशिम जिल्ह्याच्या मैदानावर घडलेला नाही. मग ‘घरचे’ म्हणजे कोणाच्या घरचे? पुण्याच्या यादीत मुंबईचा शॉ आहे म्हणून हसताना आपल्या यादीत आपण किती आहोत हेही मोजायला पाहिजे.

पोरांत दम नाही असं म्हणाल तर मी ऐकणार नाही. आपल्याच पट्ट्यातला एक पोरगा दोन-तीन वर्षांपूर्वी निवड चाचणीला गेला होता. नाव सांगत नाही, तो आता पुण्याला कंपनीत आहे. टेनिस बॉलवर त्याचा यॉर्कर खेळणारा आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हता. तिथं हातात नवा लेदर बॉल आला. शिवण कशी धरायची माहीत नाही, पायात साधे कॅनव्हासचे बूट, रनअप मोजायची सवय नाही. पाच-सहा बॉल टाकले, एक पार कीपरच्या डोक्यावरून गेला. ‘नेक्स्ट.’ निवडणाऱ्यांना दोष देत नाही मी, शंभर पोरं रांगेत असतील तर ते तरी काय करणार? पण त्या पोरानं आयुष्यात लेदर बॉल पहिल्यांदा हातात धरला तो चाचणीच्या दिवशी. परीक्षेच्या हॉलमध्येच पुस्तक उघडायला दिल्यासारखं झालं.

कोणी म्हणेल उमेश यादव कसा आला मग? बरोबर आहे. कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवर वाढलेला, एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत लेदरवर नीट खेळलेला नाही, २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत जाणारा पहिला तोच. पण उमेश नागपूरच्या शेजारच्या खाणीच्या वस्तीत राहत होता. क्लब, मैदान, बघणारे लोक हे सगळं त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर होतं. किन्हीराजातल्या पोराला तेवढ्यासाठी मुक्कामाला जावं लागतं. समृद्धी झाल्यापासून नागपूर जवळ आलं हे खरं, पण त्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभा राहणारा पोरगा काही सायकलनं जाणार नाही. आणि पोरींचं तर विचारूच नका. त्यांच्यासाठी मुक्काम म्हणजे घरातली एक मोठी लढाई.

मला तीनच गोष्टी पाहिजेत, आणि तिन्ही स्वस्त आहेत. जिल्ह्यात कुठंही असो, वाशिम, मालेगाव, कारंजा, एक तरी मैदान असं की जिथं मॅटिंगवर का होईना, बारा महिने लेदरनं खेळता येईल. दुसरं, निवड चाचणीची तारीख शाळेच्या फलकावर लागली पाहिजे, महिनाभर आधी. आज ती ज्याच्या ओळखीचा कोणी अकोल्याला आहे त्यालाच कळते. आणि तिसरं, आपल्या गावच्या टूर्नामेंटला जी वर्गणी गोळा होते, त्यातून बाहेरच्या तीन पाहुण्यांच्या जाण्यायेण्यावर आणि मटणावर जो खर्च होतो, तो एका वर्षी थांबवा. त्यात लेदर बॉलचा डबा, दोन हेल्मेट आणि पॅडच्या चार जोड्या येतात. हे आमदार-खासदारांना विचारायचं काम नाही, हे मंडळाच्या बैठकीत ठरतं. गणपतीच्या हिशोबाची बैठक अजून व्हायचीच आहे, तिथं मी हा विषय काढणार आहे. मला शिव्या द्यायला का होईना, या.

मुंबईकडे ४२ करंडक आहेत कारण त्यांच्याकडे गल्लीगल्लीत कोणीतरी पोरांना बघणारा माणूस असतो. महाराष्ट्राची यादी यंदा चांगली चालेल, शॉ एखादं द्विशतक नक्की मारणार, मला तसं वाटतंय, आणि मारलं तर मी टाळ्या वाजवणार. विदर्भ पुन्हा बाद फेरीत जाणार, यावर माझी कोणाशीही चहाची पैज. हे सगळं टीव्हीवर बघू.

ज्यांच्या घरात तेरा-चौदा वर्षांचं, खरंच चांगलं खेळणारं पोरगं आहे त्यांना एक सांगतो. जन्माचा दाखला आत्ताच नीट करून ठेवा. शाळेतली तारीख एक, आधारवरची दुसरी, ग्रामपंचायतीतली तिसरी, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. अंडर-१६ ला हाताच्या हाडांचा एक्स-रे काढून वय तपासतात, तिथं खोटं चालत नाही आणि कागद जुळले नाहीत तर खरं वयसुद्धा चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत गर्दी असते, त्याच्या आधी जाऊन या.