वाटी कुणाची?



‘दोन वाट्या बेसन, एक वाटी तूप, दीड वाटी साखर.’ मोहनथाळाची अशी कृती ग्रुपवर आली की मला विचारावंसं वाटतं, वाटी कुणाची? डोंबिवलीच्या बाजारात आमटीची वाटीसुद्धा तीन-चार आकारांत मिळते. एकाच वाटीने सगळं मोजलं की प्रमाण बरोबर येतं, हे नेहमीचं उत्तर. तुपाला ते चालतं, पिठाला नाही. २४० मिलीच्या कपात मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५० च्या आसपास. तोच कप साखरेने भरला तर २०० ग्रॅम. म्हणून ‘एक कप म्हणजे अमुक ग्रॅम’ असा एकच आकडा सगळ्या जिनसांना लावणाऱ्या पोस्ट मी पुढे पाठवत नाही.

माप वेगळं आणि वजन वेगळं, हे आपल्याकडे नवीन नाही. अनुयोगद्वार सूत्रात मापाने मोजायचं ते ‘मान’ आणि तराजूने तोलायचं ते ‘उन्मान’. त्यातही रसाचं, म्हणजे पातळ पदार्थाचं माप धान्याच्या मापापेक्षा चौथ्या हिश्शाने मोठं. का? धान्याला वर शीग लागते, तेलातुपाला लागत नाही. ती शीग मापाच्या आतच धरावी लागते. किती बारीक विचार! आज्या-पणज्यांची पायली चार शेरांची, पण शिगेची की सपाट हे आधी ठरायचं. १९६२ मध्ये दुकानात किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. आपल्या वह्या मात्र वाटीवरच राहिल्या.

मला याची काळजी चवीसाठी कमी, उरण्यासाठी जास्त. रात्र ओलांडलेली पोळी वासी, ती आपल्याला चालत नाही. चौमासात मिठाईचा काळ १५ दिवसांचा. दोघांच्या घरात रोज मूठभर कणीक जास्त भिजते, ती कुठे जाते ते आपल्याला ठाऊक आहे. कणीक तोलून घेणं ही जयणाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळीच्या नऊ दिवसांत तर हे आणखी जाणवतं. ठाणे हे श्रीपाल राजाच्या कथेतलं गाव, इथे आयंबिल करणाऱ्यांची कमी नाही. तूप-तेल-गूळ काहीच नाही, म्हणजे झाकायलाही काही नाही. अशा वेळी चौघांची कृती चाळीस जणांसाठी वाटीने वाढवली, तर प्रत्येक वाटीतला थोडा थोडा फरक एकत्र साठतो.

अंदाज अंगात असतो, असं मोठ्या बायका म्हणतात. त्यांचा असतोच. पण कल्याणहून बंगळुरूला गेलेल्या लेकीला तो फोनवरून कसा द्यायचा?

घरातली नेहमीची वाटी रिकामी काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी, साधारण तितक्या मिलीची तुमची वाटी. मग आईला किंवा सासूबाईंना त्यांच्याच सवयीने बेसन, रवा, साखर भरू द्या. सपाट करायला सांगू नका, त्यांची शीग हाच तर त्यांचा हात! प्रत्येक जिनसेचं वजन वहीत वाटीच्या शेजारी लिहा. वाटी खोडू नका.

हिंग-सुंठीला मात्र काटा नको. घरगुती काटा बहुधा एक ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. तिथे चिमूटच बरी.