भारंगीचे मूळ

गेल्या श्रावणात घाटंजीहून पारव्याकडे जाताना रस्त्यालगतच्या सागाच्या रानात शिरलो. तासभर भटकलो, चप्पल चिखलात रुतली, पण जे झुडूप शोधत होतो ते काही दिसले नाही. मी शोधत होतो भारंगी. चाळीस वर्षांपूर्वी याच रानात ती सहज भेटत असे. आता तिचा पत्ता विचारावा लागतो.

लहानपणी मला खोकला झाला की आजी भारंगीच्या मुळाचा तुकडा सुंठीबरोबर उकळून द्यायची. काढा कडू, तोंड वाकडे व्हायचे. आजीला शास्त्र ठाऊक नव्हते. पण आयुर्वेदात श्वास आणि कास यांवर भारंगी सांगितली आहे, तिच्या नावाचा भारंगीगुड आहे, कनकासवातही ती पडते, हे मला पुढे कळले. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची आणि फुलांची भाजी होते. पाने उकडून कडू पाणी पिळून टाकायचे आणि कांदा-लसणावर परतायची. तीच वनस्पती, कुठे तिचा पाला खातात, कुठे मूळ उकळतात.

माणसाच्या उंचीचे हे झुडूप. खोड चौकोनी, पाने कातरलेल्या कडांची, समोरासमोर किंवा तीन-तीनच्या चक्रात. पावसाळ्यात शेंड्याला तुरा येतो. फिकट निळसर फुलाची एक पाकळी मात्र गडद निळी असते आणि पुंकेसर लांब वाकून बाहेर येतात. जुन्या पुस्तकांत भारंगी निर्गुडीच्या गोतात दिसते. 1990च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही कुळे नव्याने लावली आणि भारंगी, निर्गुडी, शिवण, इतकेच काय आपला साग, हे सारे तुळस-पुदिन्याच्या कुळात जाऊन बसले. 1998 साली भारंगीचे शास्त्रीय नावही बदलून ‘रोथेका सेराटा’ झाले. म्हणजे यवतमाळच्या ज्या सागाला आपण सोन्यासारखा मोजतो, तो आणि त्याच्या पायाशी वाढणारी ही झुडपी, एकाच घरची. अंगणातल्या तुळशीला आपण वृंदावन बांधतो. तिच्या रानातल्या बहिणीच्या वाट्याला मात्र कुदळ येते.

कुदळ हाच या गोष्टीचा गाभा आहे. आपल्या रानांना उन्हाळ्यात वणवा लागतो. भारंगीचे वरचे खोड जळते, पण जमिनीतले लाकडी मूळ जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर नवे धुमारे फुटतात. पाने-फुले खुडली तरी झाड राहते. बाजाराला मात्र मूळच हवे असते. जाळाने न मरणारे झाड खणल्याने मरते, आणि फळे पिकण्याआधी खणले तर बीही पडत नाही. माल कमी पडला की भारंगीच्या नावाने दुसरीच मुळे खपवली जातात. म्हणजे झाड जाते ते जातेच, रोग्यालाही औषध मिळत नाही.

एका पोडावरच्या वृद्ध कोलामाला मी विचारले, ‘‘बाबा, भारंगी कुठं गेली?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘आम्ही पहिले दुखण्यापुरतं काढत होतो. एक फाटा तोडायचा, बाकी बुजवून टाकायचं. आता पोत्यानं मागतेत.’’ मी गप्प झालो. पोते भरणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कापसाचे पीक हातचे गेलेल्या वर्षी ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याला रानाने दोन पैसे दिले तर कुणी कोणत्या तोंडाने बोलावे? शिवाय 2006च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती आणि मुळे ही गौण वनोपजांत धरली आहेत; ती गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना आहे. तो हक्क काढून घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही.

मात्र त्याच कायद्याने ग्रामसभेला रान राखण्याचा अधिकारही दिला आहे, याची आठवण आपल्याला क्वचितच असते. 2002च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आल्या आणि गावच्या वनस्पतींची नोंदवही ठेवायची ठरली. त्या वहीत भारंगीचे नाव असणे पुरेसे नाही. ती कुठे उरली, कधी काढायची, किती ठेवायची, हेही असावे. फळे गळाल्यानंतरच खणावे. मुळाचा काही भाग जमिनीत राहू द्यावा. बी रोपवाटिकेत लावावे, धुऱ्यावर झुडपे वाढवावीत आणि कारखान्यांनी तो माल बरा भाव देऊन घ्यावा. यातले काहीच नवे नाही. तो कोलाम वृद्ध एवढेच तर सांगत होता.

परतताना एका ओढ्याच्या काठी, करवंदीच्या जाळीत, मला एक भारंगी दिसली. काटे असल्याने कुणाचा हात पोचला नसावा. तुरा फुलला होता, निळी पाकळी पावसात हलत होती. जागा सोबत्याला दाखवावी असे वाटले. पण मी काही बोललो नाही. आपल्याच रानातली फुललेली झुडपी माणसापासून लपवून ठेवावीशी वाटावी, ही वेळ आपल्यावर कुणी आणली, याचे उत्तर तुम्ही-आम्हीच द्यायचे आहे.