लाज पालकांची, शिक्षा मुलांना

विश्रामबाग म्हणजे सांगलीचा शिकलेला भाग. विलिंग्डन महाविद्यालय 1919 पासूनचे, वालचंद अभियांत्रिकी 1947 पासूनचे, शिवाय क्लासचे फलक जागोजागी. पण पाळी का येते, मुलाचा आवाज का फुटतो, झोपेत वीर्य का जाते, हे सहावी-सातवीच्या मुलांना वर्गात कोण सांगते? आपल्या शाळांची रीत ठरलेली आहे. वर्षातून एकदा मुलींना हॉलमध्ये बसवायचे, पॅडचे पाकीट द्यायचे आणि तेवढा वेळ मुलांना मैदानावर पिटाळायचे. मुलांना जणू शरीरच नसते!

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा धडा आहे. पण वयात येणे सुरू होते दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि धडा येतो पंधराव्या. तोही अनेकदा 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकला जातो. घरी आई-वडील गप्प. मग मास्तर उरतो तो मोबाइल, आणि तो काय शिकवतो हे आपल्याला ठाऊक आहे.

केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने 2007 मध्ये त्यावर बंदी घातली. का, तर संस्कृती बिघडते! याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. त्यांच्यावर खटले झाले, त्यातला एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. इतक्या वर्षांनी आपण कर्व्यांच्या पुढे जायचे, की त्यांच्यावर खटले भरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे?

सांगलीला तर दूर पाहायचीही गरज नाही. एचआयव्हीच्या भीतीच्या काळात, 1992 पासून, 'संग्राम' संस्थेबरोबर इथल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी कंडोमबद्दल एकमेकींना उघडपणे शिकवले. त्यांना जे जमले, ते पदवीधर पालकांना का जमू नये?

आमच्या समाजातले काही जण म्हणतात, हे इस्लामला मान्य नाही. त्यांनी आपल्याच मदरशात डोकवावे. बुलूग, हैज, गुस्ल हे विषय तिथे फिकहच्या पुस्तकांतून शिकवले जातात. पाळीबद्दल लोकांनी पैगंबरांना विचारले आणि कुराणात, सूरह बकराच्या 222 व्या आयतीत, त्याचे उत्तर आले. अन्सार स्त्रियांना दीन शिकताना लाज आडवी आली नाही, म्हणून हजरत आयेशांनी त्यांचे कौतुक केले. हया म्हणजे सभ्यपणे बोलणे, मुके राहणे नव्हे.

'मुले लहान आहेत' हा दुसरा आक्षेप. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे लग्न लावताना मुलगी मोठी असते आणि माहिती देताना लहान होते! 2012 चा पॉक्सो कायदाही पाहा. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची संमती कायदा मानत नाही. हे अकरावीतल्या मुलाला वर्गात कळावे, की पोलीस ठाण्यात?

मागणी साधी आहे. पाचवीपासून, वयाला झेपेल तेवढे, मुला-मुलींना दोघांनाही, प्रशिक्षित शिक्षक किंवा डॉक्टरांकडून शिकवा. आधी पालकसभा घेऊन अभ्यासक्रम पालकांपुढे ठेवा. नको तिथे हात लावणाऱ्या माणसाबद्दल तक्रार करायची, तर मुलाकडे आधी त्या अवयवाचे नाव हवे. तेवढे नावसुद्धा आपण त्याला देत नाही, आणि त्यालाच संस्कार म्हणतो.