पाळणा फिरतो, कारखाना बंद
करमाळ्यात कमलाभवानीच्या यात्रेत आकाशपाळणा उभा राहिला, की तो बनविला कोणी, असा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. जपानमधील ‘तोगो’ कंपनीचा इतिहास मात्र तो विचारायला भाग पाडतो. १९५३ मध्ये टोकियोच्या हानायाशिकी उद्यानात रोलर कोस्टर उभारणाऱ्या या कंपनीने १९९६ मध्ये ७९ मीटर उंचीचा ‘फुजियामा’ साकारला. २००४ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. ५ मे २००७ रोजी ओसाकाजवळच्या एक्स्पोलँडमध्ये तिच्याच कोस्टरच्या चाकाचा आस तुटून एक तरुणी मृत्युमुखी पडली. हा आस पंधरा वर्षांत बदललाच नव्हता. दोष देखभालीचाच, पण जाब विचारावा असा निर्माताही तोवर उरला नव्हता. यात्रेतील पाळण्याला परवानगी देताना आसाचे वय आणि शेवटच्या तपासणीची तारीख मागणे स्थानिक प्रशासनाला अवघड नाही.