पेटीवाल्या काकांची जागा



माझी नोकरी अशी की बाग सेवनियात सकाळचे सहा वाजले की ब्रिस्बेनच्या लोकांबरोबर मीटिंग सुरू होते. तिकडे तेव्हा साडेदहा झालेले असतात. मागच्या महिन्यात तिथला एक सहकारी उशिरा आला आणि म्हणाला, "सॉरी, गो बिटवीन ब्रिजवर अडकलो होतो." पुलाचं नाव विचित्र वाटलं म्हणून विचारलं, तर कळलं की ते एका रॉक बँडचं नाव आहे. आपल्याकडे पुलांना नेत्यांची नावं देतात, तिथे गिटार वाजवणाऱ्यांचं दिलंय!

तो बँड म्हणजे 'द गो-बिटवीन्स'. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या दोन कॉलेजमित्रांनी १९७७ साली ब्रिस्बेनमध्ये सुरू केलेला. गाणी जाणकारांना आवडायची, पण रेकॉर्ड फार खपल्या नाहीत. १९८९ मध्ये बँड मोडला, २००० मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. मे २००६ मध्ये ग्रँट झोपेतच गेला, अवघ्या ४८ व्या वर्षी. रॉबर्टने बँड तिथेच थांबवला. पूल झाला २०१० मध्ये.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात आपलाच प्रश्न आला. आपल्या मंडळाचे पेटीवाले काका यंदा आपल्यात नाहीत. माझ्या लहानपणापासून गणेशोत्सवाच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पेटीवर तेच बसायचे, अर्धी गाणीही तेच म्हणायचे. आता दोन मतं पडली आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, काका नाहीत तर यंदा कार्यक्रम नको. आपली कॉलेजची मुलं म्हणतात, आम्ही करतो, पण गिटार आणि कहोन घेऊन. कहोन म्हणजे ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका. मला दोन्ही बाजूंनी फोन येतात, कारण मी वयाने बरोबर मध्ये आहे. म्हणून आज आपल्या देशातल्या एका बँडची गोष्ट सांगतो, 'इंडियन ओशन'ची.

इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर मी त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला. गिटार, तबला, बास आणि ड्रम्स. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या अरामी भाषेतल्या प्रार्थनेवरचं. एक अक्षर कळलं नाही, तरी अख्खी खोली गप्प बसून ऐकत होती.

बँड दिल्लीचा. गिटारवाला सुस्मित सेन आणि तबल्यासह गाणारा असीम चक्रवर्ती यांची भेट १९८४ ची, बँड उभा राहिला १९९० मध्ये. नाव सुचवलं सुस्मितच्या वडिलांनी. १९९१ मध्ये बास गिटारवर राहुल राम आला, १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ चा. दुसरा, 'डेझर्ट रेन', १९९७ चा. तो स्टुडिओत झालाच नाही. दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ उघड्यावर झालेल्या मैफलीचं ते ध्वनिमुद्रण होतं. देशभर नाव झालं ते २००० च्या 'कंदिसा'मुळे, म्हणजे सुरुवातीनंतर दहा वर्षांनी. आपली मुलं दहा रील टाकून व्ह्यूज मोजतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

'कंदिसा'मध्ये 'मा रेवा' नावाचं गाणं आहे. रेवा म्हणजे आपली नर्मदा. राहुल राम अमेरिकेतून पीएच.डी. करून आला आणि नव्वदच्या दशकात काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. गाणं त्याने तिथूनच आणलं. आपल्या बाग सेवनियाजवळून जाणारा मोठा रस्ता मिसरोद, मंडीदीप, औबेदुल्लागंज, बुधनी करत थेट नर्मदेवर जातो, सत्तरेक किलोमीटर. आजीला घेऊन आम्ही सेठाणी घाटावर जायचो तेव्हा ती वाटेत नर्मदेची गाणी म्हणायची. पुढे एकदा गाडीत मी 'मा रेवा' लावलं. ड्रम्स सुरू झाल्यावर आजीने कपाळाला आठी घातली, पण थोड्या वेळाने मांडीवर ताल धरला. गाणं संपल्यावर म्हणाली, "ढणढणाट आहे, पण आहे आपल्याच मैयाचं."

त्यांचा २००३ चा अल्बम 'झीनी'. शीर्षकगीत कबीराचं. ज्येष्ठांनो, तुम्ही कबीर ऐकलात तो कुमार गंधर्वांकडून. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे ते हवापालटासाठी देवासला आले, माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं ऐकली आणि त्यांचं गाणंच बदललं. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने इथलं गाणं आपलंसं केलं. त्याचा आपल्याला केवढा अभिमान! मग आपल्याच मुलांनी गिटारवर अभंग वाजवला तर बिघडलं कुठे?

आणखी एक धागा अगदी शेजारचा आहे. २०१० चा 'पीपली लाइव्ह' हा सिनेमा आपल्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात चित्रित झाला. महागाईवरचं गाणं तिथल्याच भजनी मंडळीबरोबर केलेलं, आणि त्याच सिनेमात 'देस मेरा' हे इंडियन ओशनचं.

आता मूळ मुद्दा. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेला. गाणारा तोच, तबला वाजवणाराही तोच. मांडी घालून बसायचा, समोर तबला, तोंडाशी माइक. ती जागा भरायची कशी? ब्रिस्बेनच्या रॉबर्टने थांबायचं ठरवलं, आणि त्यात काही चूक नव्हती. दोघांचाच संसार होता तो. इंडियन ओशनने चालू ठेवायचं ठरवलं, पण दुसरा असीम शोधला नाही. एका माणसाच्या जागी दोघं आले, गाण्यासाठी हिमांशु जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम आला. ते नाव म्हणजे करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा पत्ता. त्यात असीमचा आवाज होता. कंपनीच्या मागे न लागता त्यांनी दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट दिलं.

पुढे २०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. त्याच्या जागी निखिल राव आला. ज्या दोघांनी सुरुवात केली त्यांतलं कोणी उरलं नाही, तरी २०१४ मध्ये 'तंदानु' आला, २०१५ च्या 'मसान' सिनेमाची गाणी झाली, २०२३ मध्ये 'तू है' आला. जुने चाहते म्हणतात, पहिल्यासारखं राहिलं नाही. खरंच आहे, नाहीच राहिलं. पण सुरुवातीची गाणी आजही मैफलीत होतात आणि विशीतली मुलं ती पाठ म्हणतात. २०१० मध्ये दुकान बंद केलं असतं तर ही मुलं तिथे नसती.

म्हणून मी दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिलंय. कार्यक्रम करूया. पण काकांसारखं गाणारा शोधूया नको, तसा मिळायचा नाही. त्यांची गाणी तिघा-चौघांत वाटून घेऊया. मुलांनी गिटार आणावी, पण शब्द नीट पाठ करावेत आणि ळ चा उच्चार ळ च करावा. ज्येष्ठांनी पहिल्या रांगेत बसावं आणि चुकलं तर नंतर सांगावं, मध्येच नाही.

पहिला सराव येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे आहे. काकूंना विचारायला मी बिचकत होतो, पण त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "पेटी घेऊन जा रे, नुसती पडून राहिली की भाता खराब होतो." आता फक्त ती वाजवणारं कोणी हवंय. येत असेल तर कळवा. थोडीफार येत असेल तरी चालेल.