'आहे, या' म्हणण्यापूर्वी खण पाहा

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या हार्डवेअर दुकानदार बंधूंना आमची तक्रारवजा विनंती आहे. प्लंबर फोनवर विचारतो, 'पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह आहे का?' गल्ल्यावरून न उठताच उत्तर मिळते, 'आहे, या.' तो आल्यावर खणातून निघतो अर्धा इंची! मग गिऱ्हाइकाच्या घरचे पाणी बंद ठेवून बिचारा लोकलने मस्जिद स्थानक गाठतो, नागदेवी स्ट्रीट धुंडाळतो. रोजी बुडते ती त्याची. २०१७ पासून जीएसटीच्या नियमाने नोंदणीकृत व्यापाऱ्याला आवक, जावक, शिल्लक लिहावीच लागते (कंपोझिशनवाल्यांना सूट आहे). पण ती वही मुनीमजीकडे, काउंटरवर नुसता अंदाज. शटर ओढण्यापूर्वी खपाच्या मालाचे चार खण तरी रोज मोजावेत. माल नसेल तर शेजारचे दुकान दाखवावे. आमच्या मते त्याने गिऱ्हाईक तुटत नाही.