हाड नव्हे, हवा

दोन्ही नाकपुड्या चोंदल्या की हदगावकडे निदान तयार असतं: ‘नाकाचं हाड वाढलंय.’ मग दही-केळी बंद होते, मेडिकलवरून थेंबांची बाटली येते आणि माणूस पुन्हा मळणीच्या भुसकटात उभा राहतो. यातलं काहीच मला पटत नाही.

आधी हाडाचं. बहुतेकदा वाढलेलं काही नसतं, मधला पडदा वाकलेला असतो. तो थोडाफार बहुतेकांचाच वाकडा असतो आणि त्याचा त्रास सहसा एका बाजूला जास्त होतो. वर्षभर गप्प असलेलं हाड सोयाबीनच्या मळणीतच कसं जागं होतं?

केळीचंही तसंच. सर्दी विषाणूंनी होते, केळीनं नाही. ती सात-दहा दिवसांत ओसरते, तिला अँटिबायोटिकही लागत नाही.

थेंबांचं प्रकरण जास्त घातक. आमच्या काकांच्या बंडीच्या खिशात झायलोमेटाझोलिनची बाटली तीन महिने होती. रात्री दोनदा उठून थेंब टाकल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. पाच दिवसांपुढे वापरले, की असर उतरताच त्या आणखी फुगतात. म्हणजे नाक बंद ठेवत होती ती बाटलीच.

खरं दुखणं असतं नाकातल्या अस्तराच्या सुजेत. एरवी दोन्ही नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीनं थोड्या आखडतात. पण दोन्ही एकदम आणि आठवडेच्या आठवडे बंद राहिल्या, तर आधी हवेकडे बघा. मळणीयंत्राचा भुसा, हळद पॉलिश करणाऱ्या ढोलाची पिवळी धूळ, चुलीचा धूर, बांधावरच्या गाजरगवताचे परागकण, वाकळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे: यातलं काय आपल्याला सोसत नाही, ते ओळखायला हवं. लेकरू तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागची गाठ वाढलेली असू शकते.

म्हणून ढोल फिरण्याआधी नाकातोंडावर मास्क बांधा, निदान दस्ती तरी. वाकळी कडक उन्हात घाला. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. तरीही सुटलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलेला स्प्रे नेमानं घ्यावा लागतो, गुण यायला दिवस लागतात. एकच नाकपुडी कायम बंद असेल, रक्त येत असेल किंवा डोळ्याभोवती सूज असेल, तर थांबूच नका.

मळणीवर राबणाऱ्याची केळी तोडण्यापेक्षा त्याच्या नाकात जाणारी धूळ तोडा. मोकळा श्वास हा त्याच्या मजुरीइतकाच हक्काचा आहे.